तळणीचे तेल : गाळावे कसे आणि गाळून काय साधते

दिवाळीचा फराळ सिद्ध झाला, घरचे एखादे मंगलकार्य पार पडले, अथवा दुकानातील शेवेचा अखेरचा घाणा उतरला, की कढईत थोडेफार तेल उरतेच. हे उरलेले तेल टाकून देणे व्यापाऱ्याच्या मनाला रुचत नाही आणि गृहिणीच्या हाताला तर त्याहून रुचत नाही. त्यात वावगे काही नाही. ज्या समाजाने काटकसर हा गुण मानला, त्याला नासधूस सहन न होणे स्वाभाविकच होय. परंतु काटकसर आणि चिकटपणा यांच्यामधील रेषा जशी बारीक असते, तशीच ती तेल जपणे आणि बिघडलेले तेल पोटात घालणे यांच्यामध्येही असते. ती रेषा कोठे आहे हे सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या ध्यानात यावे, आणि घरातल्याच साधनांनी तेल नीट गाळण्याची रीतही सांगावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मुख्य गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. पाणी दुपदरी वस्त्रातून गाळून घेण्याचा परिपाठ आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. गढूळ पाणी गाळले की त्यातील काडीकचरा वस्त्रावर राहतो. पण खारे पाणी कितीही वेळा गाळले तरी ते गोडे होत नाही. मीठ पाण्यात विरघळलेले असते आणि विरघळलेल्या वस्तूला वस्त्र अडवू शकत नाही. तेलाचेही तसेच आहे. तळणीच्या तेलात तरंगणारे जळके कण गाळण्याने निघतात. तापून तापून तेलात जे नवे पदार्थ निर्माण होतात व विरघळून राहतात, ते मात्र वस्त्रातून तेलाबरोबरच खाली उतरतात. गाळण्याने तेल स्वच्छ होते, ताजे होत नाही. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे, असे समजावे.

तेल कशाने बिघडते

तळणीच्या वेळी तेलाची उष्णता साधारणतः १६० ते १९० अंश सेल्सियस असते. या उष्णतेत तेलावर तीन बाजूंनी आघात होतो. पहिला आघात पाण्याचा. पुरी, वडा अथवा भजे कढईत पडताच जो फसफसाट होतो, तो पदार्थातील पाण्याची वाफ होत असल्याची खूण आहे. ही वाफ तेलाच्या रेणूंची फोड करते व त्यातून मोकळी मेदाम्ले सुटतात. ही अम्ले वाढली की तेल पूर्वीपेक्षा कमी उष्णतेवरच धुरकटू लागते. दुसरा आघात हवेतील प्राणवायूचा. त्याच्या योगाने तेल खवट होते. तिसरा आघात उष्णतेचा. तेलाचे रेणू एकमेकांस चिकटून मोठे होतात, तेल दाट होते, आणि कढईच्या काठाला राळेसारखा चिकट थर बसतो. तो थर घासताना गृहिणीच्या हाताला किती कष्ट पडतात, हे निराळे सांगावयास नको. अतिशय तापलेल्या तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे तेलातील ग्लिसरीनपासून बनणारा अ‍ॅक्रोलिन नावाचा तीव्र वायू होय.

या सर्व बिघाडातून जे पदार्थ तेलात साठतात, त्यांपैकी बहुतेकांना रसायनशास्त्रात ‘ध्रुवीय संयुगे’ अशी संज्ञा आहे. तेल किती थकले हे त्यांच्या प्रमाणावरून मोजतात. ती विरघळलेली असल्यामुळे कोणत्याही कापडाने निघत नाहीत.

मग गाळावयाचे तरी कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, बेसनाचे व पिठाचे कण तेलात तसेच राहिले, तर पुढल्या वेळी ते पुन्हा जळतात, तेलाला कडवट चव व काळपट रंग आणतात, आणि बिघाडाची गती वाढवितात. कणांबरोबर थोडे पाणीही तळाशी राहते व त्याने तेल लवकर नासते. म्हणून गाळणे व्यर्थ नाही. त्याने तेलाचे गेलेले आयुष्य परत येत नाही. राहिलेले आयुष्य तेवढे राखले जाते.

गाळण्यापूर्वीची दक्षता

उत्तम गाळणी म्हणजे तेलात कचरा पडूच न देणे. पुऱ्या लाटताना कोरडे पीठ लावले, तर ते सारे कढईत उतरून जळते. त्याऐवजी पोळपाटाला तेलाचे बोट लावावे. भज्यांचे पीठ वाजवीपेक्षा पातळ असू नये. प्रत्येक घाण्यानंतर तेलावर तरंगणारा चुरा बारीक जाळीच्या झाऱ्याने काढून घ्यावा. मीठ व तिखट पदार्थ कढईबाहेर काढल्यावर भुरभुरावे, कढईवर धरून नव्हे. काम आटोपताच आच बंद करावी. गप्पा चालल्या आहेत आणि रिकामे तेल चुलीवर धुमसत आहे, असे होऊ देऊ नये.

भांड्याचाही विचार करावा. तांबे व लोखंड हे धातू तेलाच्या खवटपणाला चालना देतात, आणि त्यांत तांब्याचा परिणाम विशेष तीव्र असतो. पितळेतही तांबे असतेच. यास्तव कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तळणीचे तेल रात्रभर ठेवणे हे जाणूनबुजून त्याला खवट करण्यासारखेच आहे. गाळण्यास व साठविण्यास स्टेनलेस स्टीलचे अथवा काचेचे भांडे घ्यावे.

घरगुती साधने

घरच्या लिटर-दोन लिटर तेलासाठी विकतचे यंत्र आणण्याचे कारण नाही. पुढील वस्तू बहुतेक प्रत्येक घरात असतात : स्टीलची बारीक चाळणी, स्टीलचे नरसाळे, दोन स्वच्छ पातेली, मलमलीचा अथवा जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा, थोडा स्वच्छ कापूस, आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी.

कापडाविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कापड सुती असावे. कृत्रिम धाग्याचे कापड गरम तेलाने आकसते. नवे कापड असल्यास त्यातील खळ गरम पाण्याने पूर्णपणे धुऊन काढावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कापड कडकडीत वाळलेले असावे. ओल्या कापडाचे धागे पाण्याने फुगलेले असतात. त्यातून तेल उतरत नाही, आणि उतरलेच तर सोबत पाणी घेऊन उतरते.

फराळाचा मोठा व्याप असणाऱ्या घरी किंवा लहान दुकानात याहून थोडी मोठी सोय करता येते. पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. त्याचे वरचे तोंड कापून काठ आत ठोकून घ्यावेत, म्हणजे हात कापणार नाही. तळापासून चार बोटे उंचीवर भोक पाडून तेथे स्टीलची तोटी बसवावी. तोटी अगदी तळाशी बसविली तर साका व पाणी प्रथम बाहेर पडेल. चार बोटे वर असली, म्हणजे साका खाली राहून वरचे निवळ तेल तेवढे मिळते. डब्याच्या तोंडावर कापडाची टोपीच्या आकाराची, टोकदार पिशवी शिवून दोरीने बांधावी. सपाट कापडाच्या मध्यभागी कचरा साचून ते लवकर तुंबते. टोकदार पिशवीत कचरा टोकाशी जमतो व बाजूंनी तेल उतरत राहते. ज्या डब्यात पूर्वी रॉकेल, रंग अथवा कीटकनाशक होते, तो डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये.

गाळण्याची कृती

पहिली पायरी निवण्याची. आच बंद केल्यावर कढई झाकावी व तेल कोमट होऊ द्यावे. उकळते तेल गाळणे हे हात भाजून घेण्याचे आमंत्रण आहे. उलट अगदी गार तेल कापडातून उतरण्यास फार वेळ घेते, कारण गार तेल दाट असते. सुमारे ६० अंशांवर तेलाचा दाटपणा २० अंशांवरील दाटपणाच्या अंदाजे चौथ्या हिश्शावर येतो. घरात उष्णतामापक नसल्यास भांड्याला बाहेरून क्षणभर बोट टेकवून पाहावे : चटका बसत नाही पण ऊब चांगली जाणवते, अशी अवस्था गाळण्यास योग्य. गोव्याकडील कुटुंबांत खोबरेल तेल वापरतात. ते २४-२५ अंशांखाली थिजते, म्हणून थंडीच्या दिवसांत ते कोमट करूनच गाळावे.

दुसरी पायरी निवळण्याची. निवलेली कढई हलविताना तळाचा साका ढवळू देऊ नये. अर्धा-पाऊण तास स्थिर ठेवल्यास जड कण खाली बसतात. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तेही तळाशी जाते. मग वरचे तेल पळीने किंवा हलक्या हाताने ओतून घ्यावे आणि तळचे दोन बोटे तेल सोडून द्यावे. त्या दोन बोटे तेलाचा मोह ज्याने धरला, त्याने उरलेल्या सर्व तेलात घाण मिसळली असे समजावे.

तिसरी पायरी चाळणीची. बारीक चाळणीतून तेल ओतले की मोठा चुरा निघून जातो. ही पायरी गाळून थेट कापड वापरले, तर कापड पहिल्याच पेल्याला तुंबते.

चौथी पायरी कापडाची. दुपदरी मलमल नरसाळ्यात टोकदार घडी करून बसवावी, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा सैल बोळा ठेवावा, आणि तेल थोडे थोडे ओतावे. तेल आपल्या वजनाने उतरू द्यावे. घाई करून कापड पिळू नये. पिळल्याने अडकलेले बारीक कण दाबाने आरपार जातात आणि सारा खटाटोप वाया जातो.

पाचवी पायरी परीक्षेची. गाळलेले तेल काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावे. त्यात कण तरंगताना दिसू नयेत. तापलेल्या तव्यावर दूरून चमचाभर तेल सोडावे. ते तडतडले तर त्यात पाणी राहिले आहे. असे तेल पुन्हा निवळू द्यावे. परीक्षेच्या वेळी मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

एक युक्ती व तिची मर्यादा

परदेशांतील काही घरांत वापरलेले तेल निवळण्यासाठी जिलेटिन घालतात. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीहाडांपासून होते, त्यामुळे ते आपल्या घरांत येण्याचा प्रश्नच नाही. तेच काम बाजारात कॉर्नफ्लोअर नावाने मिळणारे मक्याचे सत्त्व करते. पाव लिटर गार झालेल्या तेलास सुमारे ६० मिलिलिटर पाण्यात कालवलेले एक मोठा चमचा सत्त्व घ्यावे. ते तेलात घालून अगदी मंद आचेवर, उकळी येऊ न देता, सतत ढवळावे. दहा-बारा मिनिटांत सत्त्व घट्ट होऊन त्याचे गोळे बनतात व बारीक कण त्यांत गुरफटतात. मग तेल गाळून घ्यावे. येथे एक गोष्ट कदापि विसरू नये : हे मिश्रण गरम तेलात मुळीच ओतू नये. तसे केल्यास पाण्याची एकदम वाफ होऊन तेल उसळते व भाजून गंभीर इजा होते. या रीतीने तेल दिसावयास फार स्वच्छ होते हे खरे. पण तेही कणांपुरतेच. दिसण्यावर भुलून त्याला ताजे मानू नये.

गाळलेले तेल किती दिवस व कशाला

याविषयी अधिकारी मत उपलब्ध आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत घरांसाठी असा सल्ला दिला आहे की, एकदा तळणीस वापरलेले तेल गाळून भाजी-आमटीस वापरता येईल. तेच तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. आणि ते एक-दोन दिवसांतच संपवावे. म्हणजे दिवाळीचे तेल संक्रांतीपर्यंत बरणीत राखून ठेवणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तेवढ्या अवधीतही बरणी झाकलेली, अंधाऱ्या व थंड जागी असावी, आणि तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. वापरलेले तेल ताज्या तेलाच्या डब्यात परत ओतू नये. नासक्या दुधाचे चार थेंब जसे चांगल्या दुधाला पुरतात, तसेच येथेही होते. उघड्या तेलात मुंग्या, माशा, झुरळे पडून मरतात. जीवदयेच्या दृष्टीनेही तेल उघडे ठेवणे आपल्यास शोभत नाही.

तेल पूर्ण थकल्याच्या खुणा डोळ्यांना व नाकाला कळतात. नेहमीच्या आचेवरच धूर येणे, पदार्थ काढून घेतल्यावरही फेस न विरणे, तेल पाकासारखे दाट व गडद होणे, खवट वास येणे आणि खाल्ल्यावर घसा खवखवणे, यांपैकी एक खूण दिसली तरी ते तेल स्वयंपाकातून बाद करावे. अशा तेलास गाळून काहीही साधत नाही.

बाद केलेले तेल मोरीत ओतू नये. ते नळीत थिजून चिकटते व गटार तुंबविते. थोडे असल्यास लाकडाच्या भुशात अथवा जुन्या वर्तमानपत्रात शोषवून कचऱ्यात द्यावे. तेलकट चिंध्यांविषयी तर विशेष सावध राहावे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, जवस यांसारखी तेले कापडावर पातळ पसरली, की प्राणवायूशी संयोग पावून ऊब धरतात. चिंध्यांचा ढीग कोंदट जागी पडला असेल, तर ती ऊब वाढत जाऊन आपोआप पेट घेण्याचा संभव असतो. पोती व पुठ्ठे भरलेल्या गोदामात याचा अर्थ काय होतो, हे व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. गाळण्याची कापडे लगेच गरम पाण्याने व साबणाने धुऊन मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत; टाकावयाची असल्यास पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

दुकानातील तेल आणि दुकानाचे नाव

घरातील प्रश्न आरोग्याचा आहे. दुकानातील प्रश्न आरोग्याचा तसाच पतीचाही आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवून ती १ जुलै २०१८ पासून लागू केली. त्याहून अधिक प्रमाण असलेले तेल खाद्यपदार्थांस वापरता येत नाही. हे प्रमाण जागेवरच दाखविणारे, हातात धरण्याजोगे यंत्र बाजारात मिळते. पुढे १ मार्च २०१९ पासून, तळणीस दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंदवही ठेवावी व वापरलेले तेल अधिकृत संकलकांसच द्यावे, असा नियम झाला.

हे नियम का करावे लागले? बाद तेल थोड्या पैशांत विकत घेणारे पुष्कळ असतात. ते गाळले, थोडे निवळले, की दिसावयास बरे दिसते व पुन्हा एखाद्या गरिबाच्या कढईत जाते. विकणारा म्हणतो, आम्ही तर भंगार विकले. पण खाण्याच्या योग्यतेचे न उरलेले तेल पुन्हा अन्नाच्या बाजारात शिरले म्हणजे काय अनर्थ होतो, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. १९८१ साली स्पेनमध्ये कारखान्यांच्या उपयोगासाठी आणलेले व त्यासाठी ॲनिलीन मिसळून खाण्यास अयोग्य केलेले तेल काही लोकांनी शुद्ध केल्याचे भासवून खाद्यतेल म्हणून विकले. सुमारे वीस हजार माणसे आजारी पडली व तीनशेहून अधिक दगावली. ते तेल तळणीचे नव्हते, विषही निराळे होते. पण कारण एकच, स्वच्छ दिसते म्हणजे शुद्ध आहे हा समज, आणि त्या समजाचा घेतलेला फायदा. आपल्या पेढीवर बसून ज्याने थकलेले तेल ताज्यात मिसळले, त्याने गिऱ्हाइकाचा विश्वासच त्या डब्यात ओतला असे आम्ही मानतो.

मग या तेलाचा सदुपयोग काय? थकलेले तेल पोटासाठी निरुपयोगी असले तरी इंजिनासाठी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले गेले होते. आज वापरलेल्या तेलावर मिथेनॉल व क्षार यांची प्रक्रिया करून त्याचे बायोडिझेल बनवितात व ग्लिसरीन वेगळे काढतात. ही प्रक्रिया घरी मुळीच करू नये, कारण मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. परंतु त्या कारखान्यांस लागणारा माल स्वच्छ व निर्जल असावा लागतो, आणि येथे आपली घरगुती गाळणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. वर वर्णन केलेला तोटीचा डबा, दोन दिवसांचे निवळणे, दुपदरी कापड, एवढ्यावर लहान दुकानदारही संकलकास चांगला माल देऊ शकतो.

याकरिता आमची संघास एक नम्र सूचना आहे. ज्या सभासदांचा वापर दिवसाला ५० लिटरांहून कमी आहे, त्यांच्यावर नोंदवहीची सक्ती नाही आणि थोड्या मालासाठी संकलक दारी येत नाही. असे सभासद व त्यांच्या घरच्या गृहिणी यांच्यासाठी संघाच्या जागेत एक झाकणाचे सामायिक पिंप ठेवावे. त्यावर ‘खाण्यास अयोग्य’ असे ठळक अक्षरांत लिहावे. प्रत्येकाने गाळून आणलेले तेल वजन करून वहीत मांडावे, पिंप भरताच अधिकृत संकलकास द्यावे व पावती वहीत लावावी. येणारी रक्कम थोडी असली तरी ती एखाद्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांना पुरेल. आमचे तेल कोणाच्या ताटात परत जात नाही, हे आपल्या बाजारपेठेला ठामपणे सांगता येईल, हा लाभ त्या रकमेहून मोठा होय.